आधी घरचे शोधा, फलक नंतर

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: अमेरिकेत जॉर्जियातल्या एका छोट्या काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्या-तालुक्यासारख्या विभागात, तुम्ही सतरा वर्षं राहताय, औषधांचं दुकान चालवताय. 1910 च्या दशकात तिथे एका कृष्णवर्णीय शेतमजुराला जमावाने तुरुंगातून ओढून नेऊन ठार मारलं. आता काउंटीने समिती नेमली आहे. त्याच्या स्मरणार्थ फलक लावायचा, जूनटीन्थच्या, म्हणजे गुलामगिरीतून सुटकेच्या सणाच्या दिवशी कार्यक्रम करायचा आणि त्यातून गावातल्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय लोकांची मनं जुळवायची, असं ठरलंय. तुम्हाला समितीत घेतलं, कारण तुम्ही 'दोन्हीकडचे नाही'. पहिल्याच बैठकीत एका वयस्क गोऱ्या गृहस्थांनी 'जुनी मढी उकरून काय मिळणार?' अशा अर्थाचं काहीतरी विचारलं आणि कृष्णवर्णीय सभासदांपैकी कुणीच काही बोललं नाही. कार्यक्रम नीट कसा करावा आणि मुळात आपण मराठी माणसांनी यात पडावं का, हे तुम्हाला हवंय.

मी मूळची महाडजवळच्या एका गावची. 2001 पासून नॉर्थ कॅरोलायना आणि जॉर्जियात आहे. आधी सार्वजनिक ग्रंथालयात स्थानिक इतिहासाच्या विभागात होते, नंतर अशाच समित्यांच्या बैठका चालवायचं आणि त्यांना कागदपत्रं शोधून द्यायचं काम करत आले. सहा काउंट्यांमधलं काम जवळून पाहिलंय. दोन ठिकाणी ते चांगलं झालं, एका ठिकाणी आमच्या हातून बिघडलं, तीन ठिकाणी अजून चालू आहे. त्यामुळे तुमच्या गावाला सगळं जसंच्या तसं लागू पडेल असं नाही. जमीन कुणाची, शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, कसा आहे, कुटुंबातलं कुणी सापडतं का, यावर खूप काही ठरतं.

तुम्ही कार्यक्रमाबद्दल विचारलंत, पण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे बैठकीतली ती शांतता. त्या गृहस्थांच्या बोलण्यापेक्षा मला तिचीच जास्त काळजी वाटते. जे बोलले नाहीत त्यांना काही म्हणायचं नव्हतं असं समजू नका. लहान गावात ज्याच्याकडे कर्ज मागायचं, ज्याच्याकडे नोकरी करायची, ज्याच्या मालकीच्या घरात भाड्याने राहायचं, तोच माणूस टेबलाच्या पलीकडे बसलेला असतो. शिवाय बऱ्याच घरांत आजीने नातवंडांना बजावलेलं असतं की या विषयावर बाहेर तोंड उघडायचं नाही. मी मुलाखती घेतल्या तेव्हा ऐंशीच्या पुढच्या बायका आपल्याच स्वयंपाकघरात बसून आवाज खाली आणायच्या. त्या गृहस्थांचं आडनाव गावातल्या एखाद्या रस्त्याला किंवा कोर्टाबाहेरच्या जुन्या पाटीवर आहे का, तेही एकदा बघून घ्या.

आता बिघडलेल्या कामाबद्दल सांगते, कारण तुमची समिती त्याच वाटेने चाललीय असं मला दिसतंय. त्या काउंटीत आम्ही आठ महिन्यांत सगळं उरकलं. फलकाचा मजकूर सुंदर झाला, दोन चर्चची गायकमंडळी एकत्र गायली, महापौर बोलले, लोक रडले, एकमेकांना मिठ्या मारल्या. तीन आठवड्यांनी एक बाई ग्रंथालयात आल्या. मारल्या गेलेल्या माणसाच्या बहिणीची नात. डेट्रॉइटला राहायच्या, गावातल्या मैत्रिणीने वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलं तेव्हा त्यांना कळलं. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, 'आमचा पत्ता कुणी शोधला होता का?' आम्ही शोधला नव्हता. त्याचं नावसुद्धा फलकावर चुकीचं पडलं होतं, कारण आम्ही ते गोऱ्यांच्या वर्तमानपत्रातून उचललं होतं. घरात त्याला ज्या नावाने ओळखत ते वेगळंच होतं. ज्या कुटुंबाचा माणूस गेला त्यांना वगळून आम्ही गावाचं सांत्वन करून बसलो होतो. त्या दिवसापासून मी एकही समिती फलकापासून सुरू होऊ दिलेली नाही.

म्हणून तुम्हाला माझं पहिलं सांगणं हेच: फलक, तारीख, जेवण, भाषणं हे सगळं बाजूला ठेवा आणि त्या माणसाचे घरचे शोधा. ते बहुधा तुमच्या काउंटीत नसतील. अशा हत्येनंतर कुटुंबं रातोरात गाव सोडून जायची. पुष्कळदा सोडावंच लागायचं. 1910 ते 1970 या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय माणसं दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क, फिलाडेल्फियाकडे आणि पुढे कॅलिफोर्नियापर्यंत गेली. त्यातली कितीतरी पोटासाठी गेली, आणि कितीतरी जीव वाचवायला. त्यामुळे शोध जॉर्जियात सुरू होऊन मिशिगनमध्ये संपला तर नवल वाटू देऊ नका.

तुमच्या बाबतीत एक अडचण आधीच सांगते. जॉर्जियात राज्यभर मृत्यूनोंदणी 1919 पासून सुरू झाली. घटना त्याआधीची असेल तर मृत्यूचा दाखला मिळणं कठीण. मग काय बघायचं? कोर्टात कॉरोनरच्या, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, चौकशीची नोंद असेल तर ती. 1910 आणि 1920 ची जनगणना: पहिल्यात तो माणूस कुणाच्या घरात, कुणाच्या शेजारी राहत होता ते कळेल, आणि दुसरीत त्या घरातली बाकीची माणसं कुठे गेली याचा माग लागेल. 1950 पर्यंतच्या जनगणना आता खुल्या आहेत, म्हणजे पुढच्या दोन पिढ्या गाठता येतात. 1917-18 च्या सैन्यनोंदणीत भाऊ, चुलतभाऊ सापडतात. जॉर्जियातली जुनी वर्तमानपत्रं ऑनलाइन फुकट वाचता येतात, लायब्ररी ऑफ काँग्रेसचाही असा संग्रह आहे. पण ती वाचताना एक ध्यानात ठेवा. दक्षिणेतली गोऱ्यांची वर्तमानपत्रं बहुतेक वेळा जमावाच्या बाजूने लिहायची. त्यांच्यातून तारीख, जागा, तुरुंगाधिकाऱ्याचं नाव घ्या. माणसाचं चारित्र्य घेऊ नका. त्याच घटनेबद्दल 'शिकागो डिफेंडर'सारख्या कृष्णवर्णीयांच्या पत्रात काही आलंय का तेही पाहा. आयडा बी. वेल्स या कृष्णवर्णीय पत्रकार बाईंनी 1890 च्या दशकात हेच केलं होतं. त्यांनी आकडे गोऱ्यांच्याच वर्तमानपत्रांतून घेतले, म्हणजे कुणाला ते खोटे म्हणता येऊ नयेत, आणि मग त्या बातम्यांमधली कारणं कशी रचलेली असतात ते दाखवलं.

कागदांपेक्षाही उपयोगी पडतात ती गावातली दोन ठिकाणं: जुनं कृष्णवर्णीय चर्च आणि त्यांचं अंत्यविधीगृह. अंत्यविधीच्या छापील पत्रिकांत नातेवाइकांची पूर्ण यादी असते. तिथे समितीचं पत्र घेऊन जाऊ नका. रविवारी प्रार्थनेला जाऊन मागच्या बाकावर बसा, पुन्हा जा, तिसऱ्यांदा पास्टरशी बोला. तुम्ही दुकानदार आहात, अर्ध्या गावाची औषधं तुम्हाला पाठ असतील. तुम्हाला हे जमेल.

सगळं करूनही कुणी सापडलं नाही तर? असं होतं. तेव्हा त्या चर्चच्या किंवा वस्तीच्या वडीलधाऱ्या मंडळींकडे निर्णय द्यावा. आणि घरचे सापडले, पण त्यांनी 'नको' म्हटलं तर? तेही मी एकदा अनुभवलंय. एका पणतीने सांगितलं की आमच्या आईने हे नाव आयुष्यभर उच्चारलं नाही, तुम्ही ते चौकात लावू नका. आम्ही दीड वर्ष थांबलो. पुढे तिच्याच चुलतभावाने विषय काढला आणि घरात बोलणं होऊन त्यांनी होकार दिला. होकार आला नसता तर माझ्या मते फलक लागायला नको होता. समितीतले काहीजण तेव्हा माझ्याशी सहमत नव्हते. हा इतिहास साऱ्या गावाचा आहे, एका कुटुंबाला नकाराधिकार कसा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यातही तथ्य आहे. तुमच्या समितीला हे स्वतःच ठरवावं लागेल.

डुलूथचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. हे मिनेसोटातलं शहर, म्हणजे अगदी उत्तरेतलं; 'हे सगळं दक्षिणेतलं पाप' असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी ते सांगते. 15 जून 1920 रोजी तिथे एलायस क्लेटन, एल्मर जॅक्सन आणि आयझॅक मॅगी या सर्कशीतल्या तीन तरुण कामगारांना जमावाने पोलिसांच्या कोठडीतून काढून फासावर लटकवलं. त्यांच्या थडग्यांवर 1991 पर्यंत नावंसुद्धा नव्हती. आधी नावाचे दगड लागले, आणि 2003 मध्ये भर शहरात स्मारक उभं राहिलं. तिथे तिघांचे पूर्णाकृती पुतळे आहेत. ते माणसांसारखे उभे आहेत, दोराला लटकलेले नाहीत. उद्घाटनाला जमावाच्या म्होरक्यांपैकी एकाचा पणतू आला होता आणि त्याने आपल्या कुटुंबाच्या वतीने माफी मागितली. तुमच्या राज्यातही मूर्स फोर्डचं उदाहरण आहे. तिथे जुलै 1946 मध्ये दोन तरुण जोडप्यांना गोळ्या घालून मारलं. त्यातला जॉर्ज डॉर्सी दुसऱ्या महायुद्धात लढून परतलेला सैनिक होता. 1997 मध्ये तिथे गोऱ्या-कृष्णवर्णीयांची एकत्र समिती झाली, आणि राज्याचा फलक 1999 मध्ये लागला. थडगी शोधणं, झुडपं काढणं, दगड बसवणं यात लोकांचे हात लागतात. चार शनिवार कब्रस्तान साफ करणाऱ्या माणसांत जी ओळख होते ती चर्चासत्रात होत नाही, हे मी स्वतः पाहिलंय.

फलकाच्या मजकुराकडे येऊ. इथे मराठी भाषकाचा कान उपयोगी पडतो, कारण आपण शाळेत कर्तरी आणि कर्मणी प्रयोग घोटून घेतलेला असतो. जुन्या कॉरोनरच्या निकालांत एक ठरलेलं वाक्य असे: मृत्यू अज्ञात व्यक्तींच्या हातून झाला. भर दुपारी शेकडो लोकांसमोर घडलेल्या खुनालाही हेच वाक्य. तुमच्या मसुद्यात 'ठार मारण्यात आले', 'बळी गेला', 'दुर्दैवी घटना घडली' असं काही असेल तर ते त्याच जुन्या वाक्याचं नवं रूप आहे, असं समजा. मारलं कुणी? जमावाने. तुरुंगाची किल्ली कुणाकडे होती? शेरीफकडे. खटला कुणावर चालला? कुणावरच नाही. या तीन गोष्टी फलकावर कर्त्यासकट याव्यात. मारेकऱ्यांची नावं घालावीत का, हा वेगळा प्रश्न. पुरावा पक्का असेल तर अहवालात घाला, पण फलकावर माझा कल मारल्या गेलेल्या माणसाच्या नावाला जागा द्यावी असा असतो.

आणखी एक फसवी जागा आहे. समितीतलं कुणीतरी म्हणेल, 'तो निर्दोष होता हे आधी सिद्ध करायला हवं ना?' नको. त्याच्यावर आरोप होता, खटला झाला नाही, एवढंच खरं आहे आणि एवढंच लिहायचं. दोषी असता तरी कोर्टात उभं राहण्याचा हक्क त्याला होताच. निर्दोषपणाच्या अटीवर स्मरण करायला गेलात तर शंभर वर्षांनी त्याच्यावर पुन्हा खटला चालवल्यासारखं होईल.

छायाचित्रांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रश्न येणारच. त्या काळी अशा हत्यांचे फोटो काढून त्यांची पोस्टकार्डं विकत. तुमच्या घटनेचं असं कार्ड कुणाच्या माळ्यावर सापडलं तर ते प्रदर्शनात लावू नका. यावर लोक एमेट टिलचं नाव घेतात. ऑगस्ट 1955 मध्ये मिसिसिपीत चौदा वर्षांच्या त्या मुलाला मारलं, आणि आई मॅमी टिल यांनी शवपेटी उघडी ठेवली, 'जेट' मासिकात फोटो छापू दिला. साऱ्या देशाने तो चेहरा पाहिला. पण तो निर्णय त्याच्या आईचा होता. मारणाऱ्यांनी काढलेला फोटो आणि आईने दाखवलेला फोटो यांत मला जमीन-अस्मानाचा फरक दिसतो.

इथपर्यंतचं थोडक्यात: घरचे शोधा, त्यांना विचारा, नाव बरोबर लिहा, कर्ता लपवू नका. यात जितका वेळ जाईल तितका जाऊ द्या. 'मनं जुळवणं' यात कुठेच आलं नाही, हे तुमच्या ध्यानात आलं असेल. त्याबद्दल आता लिहिते.

मनं जुळावीत असं मलाही वाटतं. नाही तर मी आयुष्याची इतकी वर्षं यात घातली नसती. पण समितीच्या उद्दिष्टांत ते पहिल्या क्रमांकावर असलं की त्याचा सगळा भार नेमका दुखावलेल्यांवर येतो. त्यांनी बोलायचं, त्यांनी रडायचं, त्यांनीच माफ करायचं, आणि बाकीच्यांनी हलकं होऊन घरी जायचं. मिसिसिपीतल्या टॅलहॅची काउंटीने वेगळा क्रम धरला. एमेट टिलच्या खुनाचा खटला 1955 मध्ये तिथल्या समनर गावच्या कोर्टात चालला होता आणि सगळ्या गोऱ्या ज्यूरीने तासाभरात आरोपींना सोडलं होतं. 2006 मध्ये काउंटीने दोन्ही समाजांच्या लोकांची आयोग-समिती नेमली. 2 ऑक्टोबर 2007 रोजी त्याच कोर्टासमोर टिल कुटुंबाच्या उपस्थितीत एक ठराव वाचला गेला. वांशिक सलोख्याची सुरुवात खरं सांगण्यापासून होते, अशा अर्थाचं त्याचं पहिलं वाक्य आहे. न्याय झाला नाही याची खंत त्यात आहे, आणि तुमच्या माणसाच्या बाबतीत इथे जे झालं त्याबद्दल आम्हाला मनापासून वाईट वाटतं, असं कुटुंबाला उद्देशून म्हटलंय. खरं सांगणं आधी, दिलगिरी त्यानंतर. कुटुंबाकडून मात्र काहीही मागितलेलं नाही.

तुमच्या जवळचं उदाहरण म्हणजे जॉर्जियातलंच लाग्रेंज शहर. तिथल्या पोलीस ठाण्यात जुने फोटो लावलेले होते. ते बघताना एक वृद्ध कृष्णवर्णीय बाई दुसरीला म्हणाली की यांनी आपली माणसं मारली. हे पोलीसप्रमुखांच्या कानावर गेलं, त्यांनी चौकशी केली आणि 1940 मधली ऑस्टिन कॅलवे या पोरसवदा मुलाची हत्या समोर आली. त्यालाही तुरुंगातूनच पळवून नेलं होतं, आणि पोलिसांनी धड तपाससुद्धा केला नव्हता. जानेवारी 2017 मध्ये पोलीसप्रमुखांनी तिथल्या चर्चमध्ये कुटुंबासमोर खात्याच्या वतीने माफी मागितली. तुमच्या घटनेत तुरुंगाची किल्ली शेरीफच्या कार्यालयाकडे होती. ते कार्यालय आजही आहे. म्हणून समितीने पहिलं औपचारिक पत्र त्यांना लिहावं असं मला वाटतं.

हे सगळं झटपट होणार नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोमध्ये 3 नोव्हेंबर 1979 रोजी कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्या संघटनेच्या आणि नाझी लोकांनी मोर्चावर गोळीबार करून पाच जणांना मारलं. लोकांनी स्वतः सत्यशोधन आयोग उभा केला, नगर परिषदेने त्याला पाठिंबा नाकारला, तरी 2006 मध्ये अहवाल आला. नगर परिषदेने रीतसर माफीचा ठराव केला तो 2020 मध्ये. एका वर्षात गाव एक होईल असं समितीच्या कागदावर लिहिलेलं असेल तर ती ओळ काढून टाका.

बैठका कशा चालवाव्यात याबद्दल माझी सवय सांगते. सहा ते आठ माणसांचे छोटे गट, प्रत्येक गटाला एक गोरा आणि एक कृष्णवर्णीय संवादक. पहिल्या दोन बैठका वेगवेगळ्या. म्हणजे कृष्णवर्णीय सभासद आपसात बोलतात आणि गोरे आपसात. यावर लोक नाराज होतात, एकत्र आणायचं तर वेगळं का बसवता, म्हणतात. पण तुमच्या बैठकीतली शांतता आठवा. ती फोडायला अशी जागा लागते. एकत्र बसल्यावर कुणी कुणाला 'तुमच्या घरी काय सोसलं ते सांगा ना' असं म्हणायचं नाही. ज्याला सांगायचं असेल तो सांगेल. गोऱ्या मंडळींना मी विचारते, 'तुमच्या घरात या घटनेबद्दल काय सांगितलं जायचं, किंवा काय सांगितलं जायचं नाही?' त्यांनी आपल्या घरचं आधी उघडलं की टेबलाचा तोल बदलतो.

त्या वयस्क गृहस्थांशी भांडू नका, आणि त्यांना समितीतून काढूही नका. त्यांच्याकडे एकटेच जा. अशा माणसांना बहुतेक वेळा काहीतरी ठाऊक असतं, आणि त्याचीच भीती असते. एका गृहस्थाने तीन महिने विरोध केल्यावर आजोबांची एक वही माझ्यापुढे ठेवली होती. प्रत्येकाकडे वही नसते. काहींचा विरोध निव्वळ विरोधच असतो. पण जाऊन बसल्याशिवाय ते कळत नाही.

आणि कृपा करून गावाचा कृष्णवर्णीय इतिहास एका खुनावर आणून संपवू नका. माणसं नुसती मारली जात नव्हती, ती घडवतही होती. 1912 ते 1932 या काळात कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन आणि उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या योजनेतून दक्षिणेतल्या पंधरा राज्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी सुमारे पाच हजार शाळा उभ्या राहिल्या. त्यासाठी कापूस वेचणाऱ्या बायाबापड्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे घातले, लाकूड दिलं, श्रम दिले. शाळांच्या नावाने तेही कर भरतच होते, म्हणजे एका अर्थाने त्यांनी दोनदा पैसे मोजले. तुमच्या काउंटीत अशी शाळा होती का ते शोधा. तिथे शिकलेली म्हातारी माणसं अजून असतील आणि त्यांना ती आठवण सांगायला फार आवडतं. मतदारनोंदणीला पहिल्यांदा कोण गेलं, शाळेतल्या भेदभावाविरुद्ध दावा कुणी लावला, फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या जेवणाच्या काउंटरवर निषेध म्हणून कोण बसलं, हेही विचारा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न: आपण यात पडावं का? माझं उत्तर हो आहे, पण 'दोन्हीकडचे नाही' या नात्याने मात्र नको. आपण या गोष्टीच्या बाहेर उभे नाही. 1946 च्या कायद्याने भारतातून वर्षाला जेमतेम शंभर माणसांना इथे कायमचं येऊ दिलं जायचं. ते दार उघडलं 1965 च्या स्थलांतर कायद्याने, आणि तो मंजूर झाला कृष्णवर्णीयांच्या मतदान हक्क कायद्यानंतर दोन महिन्यांत, त्यांच्याच नागरी हक्क चळवळीने बदललेल्या हवेत. अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर मतदान हक्कासाठी निघालेल्या मोर्चेकऱ्यांची डोकी पोलिसांनी फोडली त्याच वर्षी तुमच्या-माझ्या व्हिसाचा पाया घातला गेला. दुसरीकडून पाहिलं तर आपल्याकडे हे नातं त्याहून जुनं आहे. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. बाबासाहेबांनी 1946 मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतलं साम्य मांडलं.

पण ही नावं बैठकीत मिरवायला जाऊ नका. तुम्हाला कुणीतरी विचारेलच, 'तुमच्याकडे जातीचं काय?' मला पहिल्याच वर्षी एका पास्टरबाईंनी विचारलं. माझ्या आजीच्या काळात आमच्या गावात पाणवठे वेगळे होते आणि आमचं घर चांगल्या पाणवठ्याच्या बाजूचं होतं, हे मी त्यांना सांगितलं. चवदार तळं आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, पण 20 मार्च 1927 ला तिथे काय झालं आणि त्यानंतर तळ्याचं 'शुद्धीकरण' कुणी केलं, हे माझ्या घरात कुणी कधी बोललं नाही. मला ते कॉलेजात कळलं. त्या बाई बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, 'म्हणजे तुमच्याही घरात बोलत नाहीत.' त्यानंतर त्यांनी मला चर्चच्या जुन्या वह्या दाखवल्या. तुमचं घर कुठल्या बाजूचं होतं ते मला माहीत नाही. कुठल्याही बाजूचं असलं तरी खरं उत्तर तयार ठेवा. आणि मराठी मंडळाच्या मित्रमंडळींत कृष्णवर्णीय शेजाऱ्यांबद्दल जे शब्द सहज वापरले जातात ते तुमच्या मुलांच्या कानावर पडतात. ते थांबवायला कुठल्याही समितीची परवानगी लागत नाही.

राहिल्या व्यवहाराच्या गोष्टी. जूनटीन्थला फलक लावू नका असं माझं मत आहे. 19 जून 1865 ला टेक्ससमध्ये गुलामगिरीतून सुटकेची बातमी पोचली, त्याचा तो सण. लोक मांस भाजतात, लाल सरबत पितात, मुलं नाचतात. त्यांच्या आनंदाच्या दिवशी फासाची आठवण आणून ठेवायची का, हे त्यांनाच विचारा. माझ्या अनुभवात कुटुंबं घटनेची तारीख किंवा त्या माणसाचा वाढदिवस निवडतात. जागेचं आधी पक्कं करा: कोर्टाचं आवार काउंटीच्या हातात असतं, रस्त्याकडेला राज्याची परवानगी लागते, चर्चची जमीन सगळ्यात सोपी पण सगळ्यात कमी लोकांच्या नजरेस पडणारी. अलाबामातल्या मॉन्टगोमेरीच्या 'इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह' या संस्थेला लिहा. त्या संस्थेने 2018 मध्ये उघडलेल्या स्मारकात आठशेहून जास्त पोलादी स्तंभ आहेत आणि त्यांवर काउंटीनिहाय नावं कोरलेली आहेत. तुमच्या काउंटीचा स्तंभ तिथे असेल. हत्येच्या जागेची माती गोळा करण्यात आणि फलकाच्या कामात ते स्थानिक समित्यांना मदत करतात, आणि घाई करू देत नाहीत. फलकाच्या देखभालीचे पैसे पहिल्याच अंदाजपत्रकात धरा. एमेट टिलचा मृतदेह सापडला तिथला फलक आधी चोरीला गेला, नव्या फलकावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्याच्या जागी लावलेल्यावरही झाडल्या गेल्या. शेवटी 2019 मध्ये गोळी न भेदणारा, सुमारे पाचशे पौंडांचा फलक बसवावा लागला. तुमच्याकडे असं होईलच असं नाही, पण झालं तर दुसऱ्या दिवशी तिथे कोण जाईल, हे आज ठरवून ठेवा.

तुमचं दुकान आहे, गिऱ्हाईक दोन्ही समाजांचं आहे, काहीजण तुटतील. मी ओळखते त्या दोघा दुकानदारांपैकी एकाचं वर्षभर नुकसान झालं, दुसऱ्याचं झालं नाही. घरात बायको-मुलांशी यावर आधी बोलून घ्या.

या आठवड्यात जमलं तर एवढंच करा. 1910 ची जनगणना उघडा आणि त्याचं आडनाव तीन-चार वेगवेगळ्या स्पेलिंगनी शोधा, कारण नोंद करणाऱ्याने कानाला लागेल तसं लिहिलेलं असतं. तो सापडला की त्याच्याखालच्या ओळी वाचा. बायको, आई, भाऊ, लहान मुलं, त्यांची वयं. ती नावं एका कोऱ्या कागदावर हाताने उतरवून काढा. पुढच्या बैठकीला फलकाच्या मसुद्याऐवजी तो कागद घेऊन जा आणि कृष्णवर्णीय सभासदांपैकी सगळ्यात वयस्क माणसाच्या हातात द्या. ते काय म्हणाले ते मला कळवा. पुढचं त्यावरून बघू.